साडूचं रिव्हॉल्व्हर

त्या फिर्यादीची आठवण निघाली की आजही मला आधी हसू येतं आणि पाठोपाठ दौंडच्या फौजदाराचा राग येतो. मी निवृत्त झालो, तोही झाला, तरी येतो. या प्रकरणात त्याचा हात असल्यामुळे हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही दोघं ट्रेनिंगला एकाच तुकडीत होतो. सत्तरच्या दशकात मी शिरूर ठाण्याला फौजदार म्हणून आलो आणि तो दौंडला. भीमेच्या अलीकडे माझी हद्द, पलीकडे त्याची. त्याच्याकडे स्वतःची नवी मोटारसायकल होती. माझ्याकडे सरकारी जीप होती, आणि ती सकाळी चालू व्हावी म्हणून आदल्या दिवशी उतारावर लावून ठेवावी लागे. दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन. जिल्ह्यातला पळणारा प्रत्येक चोर शेवटी गाडी पकडायला त्याच्याच फलाटावर जाऊन उभा राहायचा. हा नुसता हात पुढे करायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात याचं नाव. यात कर्तृत्व ते काय? पण क्राइम मीटिंगला एसपी साहेब त्याच्याकडे बघून हसायचे आणि मी माझ्या डायरीत डोकं घालायचो.

तर ती फिर्याद. दिवाळी होऊन ऊसतोड सुरू झाली होती. वडगाव रासाईकडचे एक मोठे बागायतदार डावा हात गळ्यात बांधून ठाण्यात आले. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. गावात त्यांना आप्पा म्हणत, आपणही आप्पाच म्हणू. आप्पांनी टेबलावर कातडी म्यानातलं रिव्हॉल्व्हर ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, माझा घात झाला."

आदल्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास ते शिरूरच्या बाजारातून छकड्याने वस्तीवर चालले होते. बाभळीच्या रांगेपाशी तिघांनी बैल अडवले. आप्पांनी रिव्हॉल्व्हर काढलं. हे हत्यार त्यांनी दसऱ्याच्या आधीच पुण्यातल्या दुकानातून घेतलं होतं आणि माझ्याच ठाण्यात दाखवून नोंद करून नेलं होतं. ते कमरेला लावून त्या दिवशी ते शिरूरच्या पेठेतून दोनदा फिरले होते, हेही मला आठवत होतं. पण बाभळीखाली त्यांनी चाप ओढला तर चाप हलेना. दोन्ही हातांनी ओढला, तरी गोळ्यांचं चक्र जागचं फिरेना. चोरांनी काठीने हात मोडला, घड्याळ आणि अंगठी काढून घेतली. एकाने रिव्हॉल्व्हरही घेतलं, आभाळाकडे धरून दोन-तीनदा दाबून बघितलं आणि आप्पांच्या मांडीवर परत ठेवलं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

आप्पांनी ठाणे अंमलदाराकडे बघितलं, मग दाराकडे. शेवटी खाली बघत म्हणाले, "म्हणला, घ्या मालक, दुरुस्त करून घ्या."

हात मोडल्याचं दुःख हाडवैद्याने बरं केलं असतं. या वाक्याचं दुःख मात्र त्यांच्या पोटात राहिलं होतं. मी जखमांची यादी घेतली, जबाब घेतला आणि कुणावर संशय आहे का, हा नेहमीचा प्रश्न विचारला. चोर अनोळखी होते, त्यामुळे नाही असंच उत्तर येईल असं वाटलं होतं.

"हाय," आप्पा म्हणाले. "आमचे साडू."

साडू म्हणजे आप्पांच्या धाकट्या मेव्हणीचे यजमान. गाव वरवंडच्या अंगाला, दौंड हद्दीत. तेही बागायतदार, स्वतःचं गुऱ्हाळ, डिझेल इंजिनावर चालणारा उसाचा चरक. साडूंमधली चढाओढ मी घराघरांत बघितली आहे. भावाभावांची वाटणी एकदा होऊन जाते. साडूंची मोजदाद मात्र सासुरवाडीच्या अंगणात जन्मभर चालते, कुणाला आधी पाट मिळाला, कुणाला फेटा भारी बांधला. आप्पांनी ट्रॅक्टर घेतला तेव्हा साडूंनी विहिरीवर मोठं इंजिन बसवलं. साडूंनी स्लॅबचं घर बांधलं तेव्हा आप्पांनी आपल्या घरावर माडी चढवली. पण रिव्हॉल्व्हरला उत्तर नव्हतं. साडूंनी परवान्याचा अर्ज दिला होता, तो कलेक्टर कचेरीतून नामंजूर होऊन आला होता.

"खंडेनवमीला घरी जेवायला बोलावलं हुतं," आप्पा म्हणाले. "हत्यार हातात मागून घेतलं. उलटंपालटं करून बघत हुते. तवाच काहीतरी केलं आसंल. जळतंय ते माणूस, साहेब."

अशा तोंडी संशयावर मी कुणाला उचलत नाही. पहिला नियम असा की वस्तू बिघडली तर ती विकणाऱ्याला आधी विचारायचं. हत्यार पंचांसमोर सीलबंद करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं आणि एक हवालदार पुण्याला पाठवला. दुकानदाराने सांगितलं की माल देण्यापूर्वी त्याने आप्पांच्या समोरच गोळ्या झाडून दाखवल्या होत्या आणि आप्पांनीही एक स्वतः झाडली होती. चक्र लोण्यासारखं फिरत होतं. म्हणजे दोष दुकानातून आलेला नव्हता, घरी गेल्यावर झाला होता.

त्याच आठवड्यात खबर आली. महामार्गावर वरवंडला एक चहाचं हॉटेल होतं. तिथला माझा माणूस सांगत आला की चोरीच्या कितीतरी दिवस आधी साडू त्या बाकड्यावर बसून चारचौघांत म्हणाले होते, "आमच्या आप्पांचं रिव्हॉल्व्हर उडायचं न्हाई."

आता प्रकरण गंभीर झालं. हत्यार चालणार नाही हे ज्याला आधीच माहीत होतं, त्याने ते चोरांनाही सांगितलं असेल, असा अर्थ कुणीही काढला असता. मग ही नुसती वाटमारी राहत नाही, कट होतो. साडूंचं गाव दौंड हद्दीत असल्याने मला दौंड ठाण्याला कळवणं भाग होतं. मी कळवलं. आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या बॅचमेटने ते तिन्ही चोर दौंडच्या फलाटावर पकडले, आप्पांच्या घड्याळासकट. पेपरात त्याचं नाव आलं. मी तो पेपर ठाण्यात कुणाला वाचू दिला नाही.

साडूंना चौकशीला बोलावलं, तेव्हा हा मोटारसायकलवरून त्यांच्या मागोमाग शिरूरला हजर. खुर्ची ओढून माझ्याच टेबलापाशी बसला.

साडू पन्नाशीच्या आतले, उंच, धोतर स्वच्छ, बोटांच्या पेरांवर इंजिनाच्या तेलाचे काळे डाग. मी विचारलं, "तुम्ही हॉटेलात तसं बोललात का?"

"बोललो."

"तुम्हाला कसं माहीत होतं?"

गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. दौंडच्या फौजदाराने टेबलावर हात आपटला, अटकेची भाषा केली. तेव्हा साडूंचा चेहरा पहिल्यांदा बदलला.

"साहेब, पोरीचं लगीन ठरलंय," ते मला म्हणाले. "पाव्हणं पाबळकडचं हायेत. चौकशी लागली म्हणून त्यांचा निरोप आलाय. सोयरा आत गेला तर आमी मांडवात येणार न्हाई म्हणलेत. चोरांची आन् माझी वळख न्हाई. तेवढं आईची आण घेऊन सांगतो. बाकीचं इचारू नका."

"बाकीचंच तर विचारायचंय," माझा बॅचमेट म्हणाला.

माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. गप्प बसणाऱ्याला बहुतेक वेळा गुन्हा लपवायचा नसतो, लाज लपवायची असते. पण अनुभव काही कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मी त्यांना त्या दिवशी घरी पाठवलं. बॅचमेट जाताना म्हणाला, "तुझं काळीज मऊ आहे, म्हणून तू शिरूरला आहेस." तो स्वतः दौंडला होता, कमिशनर नव्हता, हे मी त्याला सांगायला हवं होतं. ते मला सुचलं तेव्हा तो न्हावऱ्याच्या पुढे गेला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीनंतर मुद्देमालाचा हवालदार कुरकुरत आला. खोलीत मुंग्या झाल्या होत्या. आमच्या मुद्देमालात गूळ असायचा, गावठी दारू असायची, त्यामुळे मुंग्यांचं नवल नव्हतं. मी सहज डोकावलो. मुंग्यांची रांग गुळाच्या ढेपेकडे वळलीच नव्हती. भिंतीवरून फळीवर चढून ती सरळ आप्पांच्या सीलबंद पुडक्यात शिरत होती.

हत्याराला लावतात ते तेल मुंग्या चाखत नाहीत. पंच बोलावून पुडकं उघडलं. चक्र आणि चौकट यांच्या फटीत, घोड्याच्या मुळाशी, पिवळसर काहीतरी वाळून घट्ट बसलं होतं. नखाने टोकरलं तर चिकट आणि गोड वासाचं. हत्यार पुण्याला मुख्यालयाच्या शस्त्रागारात पाठवलं. तिथूनही तेच आलं: यंत्रात मोडतोड नाही, आत गोड चिकट पदार्थ वाळून चक्र जाम.

फोनवर हे कळताच माझा बॅचमेट खूश झाला. "काकवी," तो म्हणाला. "गुऱ्हाळवाल्याशिवाय हे कुणाला सुचणार? उद्या उचलतो."

वरकरणी सगळं जुळत होतं. गुऱ्हाळ, काकवी, हेवा, आधीच काढलेले उद्गार. लग्नाला थोडेच दिवस उरले होते आणि दौंडची जीप उद्या त्या दारात उभी राहणार होती. आता खरं सांगतो, त्या घटकेला मला साडूंची दया आली नाही. माझ्या डोक्यात एवढंच की हा पुन्हा बरोबर निघणार. मी ठाण्याच्या ओसरीवर येरझाऱ्या घालत होतो आणि मनात त्याच्या मोटारसायकलला शिव्या देत होतो. देता देता थांबलो. इतकी वर्षं ती गाडी माझ्या डोळ्यांत खुपत होती, पण तिची हवा सोडावी असं मला एकदाही वाटलं नव्हतं. उलट तिच्या चाकाला चिखल लागलेला दिसला तर मलाच कसंतरी व्हायचं. मला ती मोडलेली नको होती, मला ती हवी होती. परवान्यासाठी कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवलेला माणूस हातात आलेल्या नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये काकवी ओतेल? मला ते पटेना.

मी जीप ढकलायला लावली आणि आप्पांच्या वस्तीवर गेलो. आप्पा मळ्यात होते. त्यांची मंडळी पडवीत ज्वारी पाखडत होत्या. मी विचारलं, रिव्हॉल्व्हर घरात कुठे असायचं, कसं ठेवायचे.

"देवापाशी," त्या म्हणाल्या. "नवी वस्तू घरात आली. खंडेनवमीला पाटावर मांडली, देवाच्या टाकांच्या शेजारी. भटजी बोलावलं, समद्यांच्या देखत आभिषेक केला."

"अभिषेक कशाचा?"

"म्हंजी? पंचामृताचा. दूध, दही, तूप, मध, साखर. चांगली वाटीभर धार धरली यांनी, सोताच्या हातानं."

आमच्या ठाण्यातही खंडेनवमीला रायफलींची पूजा होते. फुलं वाहतो, दस्त्याला हळदकुंकू लावतो, पण पाण्याचा थेंब यंत्राला लागू देत नाही. मी विचारलं, "मग पुसलं की नाही?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "तीर्थ कुणी पुसतं का? तसंच वाळू दिलं. मग यांनी गोळ्या भरल्या, म्यानात घातलं आन् पेटीत ठेवलं, डांबरगोळ्या टाकून."

डांबरगोळ्यांमुळे घरात मुंग्या लागल्या नव्हत्या. माझ्या फळीवर आल्यावर त्यांना वास लागला. मी शेवटचं विचारलं, "तेव्हा साडू कुठे होते?"

"हितंच की, पाटासमोर. डोळं फाडून बघत हुते. हे म्हणले बी मला, बघ कसं जळतंय."

ठाण्यात परतल्यावर मी साडूंना शिरूरला बोलावणं धाडलं आणि दौंडला फोन केला की उचलू नको, अजून एक जबाब राहिलाय. दुपारी साडू आले. या वेळी दार लावून घेतलं. टेबलापाशी आम्ही दोघंच.

"पंचामृत घालताना तुम्ही बघितलं," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. टोपी काढून मांडीवर ठेवली. "बघितलं. मध आन् साखर चक्रीच्या सांध्यात उतरत हुती. आमच्या चरकाच्या दात्यात रस वाळला का इंजिन बोंबलतंय, पण चरक हालत न्हाई. मला तवाच कळलं का हे आता उडायचं न्हाई."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू साहेब? घरभर माणसं बसलेली. मी म्हणलो असतो का आप्पा, धार थांबवा, हत्यार बिघडंल, तर आप्पा म्हणले असते, साडूच्या पोटात दुखतंय." त्यांनी पेरांवरचे तेलाचे डाग अंगठ्याने चोळले. "आन् दुखत हुतंच. समद्यांना दिसत हुतं. मग कुठल्या तोंडानं बोलू?"

"आणि हॉटेलात?"

"गावात जो तो इचारायचा, तुमच्या साडूकडं रिव्हॉल्व्हर आलं, तुमच्याकडं कवा? ऐकून ऐकून डोकं उठलं. गेलं तोंडातनं."

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर?"

"ते दौंडचं साहेब बसलं हुतं," साडू म्हणाले. "त्यांच्याम्होरं सांगायचं, का मी साडूवर जळतो? चोर म्हणलं तरी चाललं असतं."

हे मला जितकं समजलं तितकं त्या ठाण्यात दुसऱ्या कुणालाही समजलं नसतं.

संध्याकाळी आप्पांना बोलावून सगळं सांगितलं. साडू समोरच्या बाकावर बसले होते. आप्पांनी आधी मानलंच नाही. देवाचं तीर्थ यंत्र कसं बिघडवेल, हा त्यांचा मुद्दा. मी शस्त्रागाराचा अभिप्राय वाचून दाखवला. मग ते प्लास्टरवर बोट फिरवू लागले.

"पाव्हणं," ते साडूंना म्हणाले, "तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

"आन् मी ते कंबरला लावून हिंडत हुतो. त्याच्या भरवशावर."

"व्हय, आप्पा."

आप्पांनी पुरवणी जबाब दिला, संशय मागे घेतला, सही केली आणि साडूंकडे न बघता निघून गेले. तपासापुरतं प्रकरण मिटलं. चोरांवर खटला भरला, साडूंचं नाव कागदातून गेलं, पाबळकडच्या पाव्हण्यांना मी स्वतः माणूस पाठवून कळवलं. बघून गप्प बसल्याबद्दल दंडविधानात कलम नाही. पण आप्पांनी त्यांचं स्वतःचं कलम लावलं होतं: साडूच्या घरच्या लग्नाला आपल्या उंबऱ्यातून कुणी जायचं नाही. नवरीची सख्खी मावशी लग्नाला नाही म्हटल्यावर पाव्हण्यांत पुन्हा कुजबुज सुरू होणार, आणि पोलिसांनी धुऊन दिलेलं नाव मांडवात पुन्हा मळणार, हे साडूंना कळत होतं. यात मात्र मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं आणि पुढे नोकरीभर ते उपयोगी पडलं. हेवा करणारा माणूस दिसला की बहुतेक अधिकारी त्याला संशयितांत बसवतात. मी त्याला साक्षीदारांत बसवू लागलो. मालक आपल्या वस्तूकडे एकदा कौतुकाने बघतो आणि विसरतो. शेजारी, भाऊबंद, साडू रोज बघतात, बारकाईने बघतात, आणि मालकाला माहीत नसलेलंही त्यांना माहीत असतं. फक्त ते त्यांच्याकडून काढून घेताना त्यांची लाज राखावी लागते. दौंडच्या फौजदाराला हे कधीच जमलं नाही. बक्षीस मात्र त्यालाच मिळालं, चोर पकडल्याबद्दल.

लग्नाला मला आग्रहाचं आमंत्रण होतं. साध्या कपड्यांत गेलो. मांडव भरला होता. साडू दारात उभे राहून एकेकाला फेटा बांधायला पाठवत होते आणि प्रत्येक येणाऱ्या गाडीकडे बघत होते. मुलाकडची माणसं नवरीच्या मावशीची चौकशी करत होती. साडूंची मंडळी पदराने तोंड पुसत आत-बाहेर करत होत्या.

अक्षता वाटायला सुरुवात झाली तेव्हा आप्पांचा छकडा आला. मागे मावशी बसल्या होत्या, तोंड उतरलेलं पण अंगावर शालू. आप्पांना कुणी आणलं, हे विचारायची गरज नव्हती. आप्पा उतरले. हात अजून गळ्यातच होता. ते साडूंकडे बघेनात, साडू त्यांच्याकडे बघेनात. पण फेटा तर बांधायला हवा होता, नवरीच्या मावशीच्या यजमानांचा मान होता. साडूंनी बांधणाऱ्याच्या हातातून फेटा घेतला आणि स्वतःच बांधायला लागले. मी दोन हातांवर उभा होतो. बांधता बांधता त्यांची नजर आप्पांच्या कमरेवर गेली. तिथे काहीच नव्हतं.

"आणलं न्हाई?" साडूंनी हळूच विचारलं. "दुरुस्त होऊन आलं म्हणं."

"आलं. घरी ठिवलं," आप्पा म्हणाले. "म्हणलं, तुमच्या दारात नगं. तुमचं डोळं लागत्यात."

मला वाटलं, आता पुन्हा भडका उडणार. साडूंनी फेट्याचा शेमला नीट काढला, खांद्यावर सोडला आणि मुलाकडच्या माणसांकडे एकदा बघून घेतलं. त्यांचा चेहरा खरोखरच हिरमुसला होता.

"आणायला पायजे हुतं, आप्पा," ते म्हणाले. "समद्या पाव्हण्यांना सांगून बसलोय, आमच्या साडूकडं रिव्हॉल्व्हर हाय म्हणून."